बोटीची ट्रंक ते चाकांची बॅग : परदेशप्रवासातील सामानाचा सामाजिक इतिहास

सारांश

परदेशी जाताना सामान कमी न्यावे, हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. प्रस्तुत लेखात या उपदेशामागील इतिहासाचा शोध घेतला आहे. प्रवाशाने काय न्यावे आणि किती न्यावे, हे केवळ त्याच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. वाहनाची रचना, आहारविषयक आचार, ओझे वाहणाऱ्या श्रमिकाची उपलब्धता, आंतरराष्ट्रीय कायदा आणि गंतव्यस्थानी प्रवाशाचे होणारे स्वागत या पाच घटकांनी सामानाचे स्वरूप वेळोवेळी बदलले आहे. इ. स. १७८१ ते एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंतच्या काही निवडक उदाहरणांच्या आधारे हे येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : परदेशप्रवास, सामान, समुद्रोल्लंघन, ट्रंक, हमाल, वॉर्सा करार, माँट्रियल करार.

प्रस्तावना

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठी माणूस दोन अर्थांनी वापरतो. कधी तिच्यात स्थैर्य नसल्याची खंत असते, तर कधी मोकळेपणाचे कौतुक असते. प्रवासाच्या सामानाविषयीची आपली वृत्तीही अशीच दुहेरी राहिली आहे. वारीला निघालेल्या वारकऱ्याची पडशी आपल्याला आदर्श वाटते. परंतु घरातील मुलगा परदेशी निघाला की त्याच्या बॅगेत आणखी एक डबा बसतो का, हे सारे घर पाहू लागते.

इतिहासलेखनात प्रवासाची दखल विपुल घेतली गेली आहे. मराठीतील प्रवासवर्णनांवर स्वतंत्र संशोधनही झाले आहे. तथापि, प्रवासी काय पाहून आला याची जेवढी चर्चा झाली, तेवढी तो काय घेऊन गेला याची झालेली नाही. वास्तविक, सामान हे इतिहासाचे एक बोलके साधन आहे. परक्या भूमीत आपल्याला काय मिळणार नाही, याविषयीचा प्रवाशाचा अंदाज त्याच्या पेटीत भरलेला असतो. त्या अर्थाने प्रत्येक पेटी ही गंतव्यस्थानाविषयीच्या विश्वासाची अथवा अविश्वासाची नोंद होय. या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

१. शिधा आणि सोवळे

वाफेच्या बोटींपूर्वी समुद्रप्रवास महिनोन्‌महिने चाले. भारतीय, विशेषतः उच्चवर्णीय हिंदू प्रवाशासमोर त्यातही मोठी अडचण होती ती अन्नपाण्याची. समुद्रोल्लंघनाच्या निषेधामागे अनेक कारणे सांगितली गेली; परंतु व्यवहारात तो निषेध स्वयंपाक, पाणी आणि स्पर्श यांच्याभोवती फिरत असे. देशांतर्गत प्रवासात यावर तोडगे सापडलेले होते. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, फिरकीचा तांब्या, कोरडा शिधा आणि वाटेवर चूल मांडण्याची सोय यांमुळे काशीयात्रा शक्य होई. समुद्रावर मात्र हे सारे बरोबर नेणे भाग होते.

या संदर्भात १७८१ सालचे उदाहरण लक्षणीय आहे. रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील इंग्लंडला पाठविला. त्याच्यासोबत दोन पारशी सहकारी होते. इंग्लंडात त्यांचे हाल होत असल्याचे कळल्यावर एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या निवासस्थानी नेले आणि तेथील काचेचे वनस्पतिगृह त्यांच्या स्वयंपाकासाठी व धर्माचारासाठी मोकळे करून दिले. पेशव्यांच्या वकिलाला इंग्लंडात सर्वाधिक गरज भासली ती स्वतःच्या चुलीसाठी चार हात जागेची. भांडी व शिधा पेटीतून नेता येतो. चुलीसाठी लागणारी जागा नेता येत नाही. ती यजमानानेच द्यावी लागते. सामानाच्या इतिहासातील हे पहिले सूत्र होय.

२. बोटीवरील सामानाची वर्गवारी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून इंग्लंडला जाण्यासाठी इजिप्तमार्गे जाणारा खुष्कीचा रस्ता रूढ झाला. सुएझ येथे उतरून वाळवंट ओलांडायचे आणि अलेक्झांड्रियाला दुसरी बोट धरायची, असा हा प्रवास होता. सामान उंटांवरून जाई. त्यामुळे पेटीचा आकार उंटाच्या पाठीला मानवेल असा ठेवावा लागे. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि खुष्कीच्या टप्प्याची ही गरज संपली. आता पेटी मुंबईच्या धक्क्यावर चढली की थेट इंग्लंडच्या बंदरात उतरू लागली. परिणामी सामान कमी होण्याऐवजी वाढले.

पेटीच्या रचनेतही याच सुमारास बदल झाला. जुन्या प्रवासी पेट्यांची झाकणे पावसाचे पाणी ओघळून जावे म्हणून घुमटाकार असत. लुई व्हिताँ याने १८५४ साली पॅरिस येथे दुकान काढले आणि काही वर्षांतच सपाट झाकणाची, कापडाने मढविलेली हलकी ट्रंक बाजारात आणली. सपाट झाकणामुळे पेट्या एकावर एक रचता येऊ लागल्या. रेल्वेचा डबा आणि बोटीतील कोठार यांना हीच रचना सोयीची होती. पेटीचा आकार प्रवाशाच्या गरजेपेक्षा वाहनाच्या गरजेनुसार ठरतो, हे दुसरे सूत्र येथे स्पष्ट होते.

बोट कंपन्यांनी सामानाची जी वर्गवारी रूढ केली, ती आजही विचार करण्याजोगी आहे. प्रवाशाला तीन प्रकारच्या चिठ्ठ्या मिळत. पहिली 'केबिन'ची : ही पेटी प्रवाशाजवळ, बर्थखाली राहील. दुसरी 'प्रवासात हवे' अशी : ही कोठारात राहील, परंतु नेमलेल्या वेळी उघडता येईल. तिसरी 'प्रवासात नको' अशी : ही थेट मुक्कामाच्या बंदरातच हाती पडेल. बर्थखाली सरकवता यावी म्हणून केबिन ट्रंक बुटकी व लांबट केली जाई. दुसरीकडे, उभी उघडणारी, आत कपडे टांगण्याची सोय व खण असलेली कपाटवजा ट्रंक श्रीमंत प्रवाशांमध्ये प्रतिष्ठेची ठरली. ती उचलण्यास दोन माणसे लागत. पण उचलणारा प्रवासी स्वतः नसे, हे विसरता येत नाही.

३. तीन प्रवासी, तीन पेट्या

(अ) आनंदीबाई जोशी

७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी एका हिंदू विवाहित स्त्रीने पतीवाचून समुद्र ओलांडणे ही त्या काळी अभूतपूर्व घटना होती. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आश्वासन दिले होते. या आश्वासनाचा थेट संबंध सामानाशी होता. वेश आणि आहार बदलणार नाही असे एकदा ठरले की वस्त्रे आणि खाद्यपदार्थ यांचा प्रश्न इथूनच सोडवून जावे लागते.

परंतु पेटीत भरलेला निश्चय आणि परदेशातील हवा यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी लुगडे पुरेसे ठरेना. शिवाय त्यात पायांचा काही भाग उघडा राहतो हे तेथील शिष्टाचारास विसंगत होते. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग स्वीकारला. वेशाची भारतीयता राखून त्यांनी त्याची पद्धत बदलली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अमेरिकेतील वास्तव्याचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांचे घर त्यांच्या स्वागतास नसते, तर त्यांनी नेलेले कोणतेही सामान पुरले नसते.

(आ) मोहनदास गांधी

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने निघाले. आत्मकथेत त्यांनी या प्रवासाचे जे वर्णन केले आहे, त्यात सामानाला महत्त्वाचे स्थान आहे. बोटीवर ते बहुतांश काळ बरोबर आणलेली मिठाई व फळे यांवरच राहिले. पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनी खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबर सरता सरता ते बंदरावर उतरले, तेव्हा तसे पांढरे कपडे घातलेले ते एकटेच होते. इतरांचे पाहून त्यांनी आपले सामान, किल्ल्यांसह, कंपनीच्या मुनिमाच्या हवाली केले होते. दुसरा दिवस रविवारचा. त्यामुळे सोमवारपर्यंत कपडे बदलण्याची सोय नव्हती. पहिल्या भेटीतील ही शरम त्यांनी पुढे प्रांजळपणे नोंदविली.

त्रेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने जाताना त्याच व्यक्तीचे वर्तन नेमके उलट दिसते. सहकाऱ्यांनी पेट्यांवर पेट्या भरून आणल्याचे लक्षात येताच गांधीजींनी त्यांची कठोर झडती घेतली आणि अनावश्यक सामान एडनहून परत पाठविण्यात आले. मार्सेय येथे जकात अधिकाऱ्यांपुढे त्यांनी आपली मालमत्ता म्हणून चरखे, तुरुंगातील भांडी, शेळीच्या दुधाचा डबा आणि खादीची मोजकी वस्त्रे एवढीच सांगितली.

या दोन प्रवासांची तुलना केवळ वैराग्याच्या दृष्टीने करणे अपुरे ठरेल. १८८८ साली अनोळखी तरुणाला समाजात सामावून घेतले जावे म्हणून योग्य पोशाखाची गरज वाटत होती. १९३१ साली त्यांचा पोशाख हाच त्यांचा राजकीय युक्तिवाद होता. कमी सामान नेणे हे तेव्हा स्वातंत्र्याचे विधान बनले. परंतु ते करण्यामागे चार दशकांचे सार्वजनिक आयुष्य, लंडनमधील यजमान आणि सोबतचे सहकारी यांचे पाठबळ होते.

(इ) भीमराव आंबेडकर

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ साली तेथून लंडनला गेले. त्यांच्या सामानाचे वजन होते ते पुस्तकांचे. न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमविले होते, असे चरित्रकार नमूद करतात. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. ते स्वतः एका बोटीने आले आणि ग्रंथ असलेले सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. सामानाचा विमा उतरविलेला होता. त्यापोटी सहाशे रुपये मिळाले आणि त्या रकमेतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आले आहे. ग्रंथांची किंमत अशी रोख झाली. परंतु त्यांतील टिपणे आणि त्यांच्यामागची वर्षे यांचा विमा कोणतीही कंपनी उतरवीत नव्हती.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक विदारक आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्यांना आपली पेटी ठेवण्यास खोली मिळाली होती. बडोद्यात, ज्या संस्थानाने त्यांना पाठविले त्याच संस्थानाच्या राजधानीत, ती मिळेना. आपली ओळख लपवून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. आपल्या आत्मपर टिपणांत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. परदेशप्रवासाच्या इतिहासात परतीच्या सामानाचा विचार क्वचितच होतो. सामान किती होते हा प्रश्न येथे गौण ठरतो. ते उतरवून ठेवण्यास जागा कोणाला मिळते, हा प्रश्न मुख्य ठरतो.

४. विमान आणि वजनाचे शासन

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनसाठी पहिले उड्डाण केले. बोटीला लागणारा आठवड्यांचा काळ तासांवर आला. त्याबरोबरच सामानाच्या मोजमापाचे एककही बदलले. बोटीवर प्रश्न होता जागेचा. विमानात प्रश्न आला वजनाचा. प्रत्येक किलोमागे इंधन जळते. दीर्घकाळ सामान्य वर्गासाठी २० किलो आणि पहिल्या वर्गासाठी ३० किलो अशी मर्यादा प्रचलित होती. पुढे १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या मार्गांवर वजनाऐवजी नगांची पद्धत आली. आज तिकिटावर दिसणारे २३ व ३२ किलो हे विषम वाटणारे आकडे म्हणजे अनुक्रमे ५० व ७० पौंड होत. यातील ३२ किलोच्या मर्यादेमागे सामान उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीच्या कण्याचा विचार आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

नुकसानभरपाईचा कायदाही या बदलाशी निगडित आहे. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी झालेल्या वॉर्सा कराराने नोंदणीकृत सामानासाठी प्रतिकिलो २५० सुवर्ण फ्रँक इतकी मर्यादा घातली. भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. या सूत्रानुसार एक किलो लोणचे आणि एक किलो हस्तलिखित यांची कायद्याच्या लेखी किंमत एकच होती. २८ मे १९९९ रोजी संमत झालेल्या माँट्रियल कराराने वजनाचे हे सूत्र सोडले आणि प्रतिप्रवासी मर्यादा ठरविली. प्रारंभी ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात १,००० होती. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ करण्यात आली. भारताने हा करार २००९ मध्ये स्वीकारला. सामानाचे नुकसान झाल्यास सात दिवसांत आणि ते उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, ही त्यातील तरतूद प्रत्येक प्रवाशाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सुरक्षेचा प्रश्न मात्र कायद्यापेक्षा शोकांतिकेतून सुटला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने कोसळले आणि त्यातील सर्व ३२९ जणांचा मृत्यू झाला. स्फोटक ज्या बॅगेत होते, तिचा धनी विमानात बसलाच नव्हता. यानंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांची जुळणी करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर कठोर झाला. बोटीच्या काळात आंबेडकरांचे ग्रंथ एका बोटीने व ते स्वतः दुसऱ्या बोटीने, ही सर्वसाधारण व्यवस्था होती. विमानयुगात मालकावाचून निघालेली बॅग हीच संशयाची वस्तू ठरली. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आलेल्या कटानंतर हातातील सामानात द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली.

५. चाक आणि हमाल

चाकाचा शोध मानवाला हजारो वर्षांपूर्वी लागला. मात्र बॅगेला चाके बसण्यास १९७० साल उजाडावे लागले, असे कौतुकाने सांगितले जाते. बर्नार्ड सॅडो हा अमेरिकी व्यावसायिक सहलीवरून कुटुंबासह परतत असता जकात तपासणीच्या रांगेत त्याला एक कामगार चाकांच्या फळीवरून जड यंत्र सहज नेताना दिसला. त्यावरून त्याने सूटकेसला चार चाके व ओढण्यास पट्टा लावला. १९७२ साली त्याला एकाधिकार मिळाला. प्रारंभी दुकानदारांनी ही कल्पना नाकारली. पुरुष बॅग ओढत नेणार नाही, अशी त्यांची समजूत होती. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दोन चाकांची, लांब दांड्याची उभी बॅग तयार केली. ती प्रथम विमान कर्मचाऱ्यांनी वापरली आणि त्यांच्यामागोमाग प्रवाशांनी उचलली.

या विलंबाचे कारण केवळ कल्पकतेच्या अभावात शोधणे योग्य होणार नाही. जोवर ओझे वाहणारा माणूस स्वस्तात उपलब्ध होता, तोवर चाकाची निकड भासली नाही. आपल्याकडे लाल सदरा व दंडावर पितळी बिल्ला असलेला हमाल हे रेल्वे स्थानकाचे अविभाज्य चित्र होते. पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि फळांची करंडी हा सारा संसार त्याच्या डोक्यावर व खांद्यावर चढे. विमानतळ विस्तारले, चालण्याचे अंतर वाढले, एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आणि पाश्चात्त्य देशांत हमाल दुर्मीळ झाला. तेव्हा चाक अवतरले. भारतात साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या सूटकेसनी १९७० नंतर पत्र्याच्या ट्रंकेची जागा घेण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात नाशिक हे या उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. सामान हलके झाले असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः त्याचा भार हमालाच्या डोक्यावरून आपल्या मनगटावर आलेला असतो.

६. आठ डॉलर आणि प्रेशर कुकर

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने विद्यार्थी, अभियंते आणि डॉक्टर परदेशी गेले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे प्रवाशाला नेता येणारी रक्कम अत्यल्प होती. त्या पिढीच्या आठवणींत 'आठ डॉलर' हा आकडा वारंवार येतो. खिसा रिकामा असला की पेटी भरावी लागते, हे या काळातील सूत्र होय. प्रेशर कुकर, गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याची बरणी, लोकरीचे कपडे, औषधे आणि पाठ्यपुस्तके ही यादी हौसेपोटी वाढलेली नव्हती. परदेशात त्या वस्तू एकतर मिळत नव्हत्या किंवा घेण्यास पैसे नव्हते.

कालांतराने हे चित्र पालटले. १९७४ साली शिकागो येथे पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले आणि पुढील दशकांत भारतीय वाणसामानाची दुकाने अमेरिकेतील अनेक शहरांत पसरली. १९९१ नंतर परकीय चलनावरील बंधने सैल झाली. आता डाळ-तांदूळ नेण्याचे प्रयोजन उरले नाही. तरीही घरोघरी बॅगा भरतात. यावरून असे म्हणता येईल की, गरज संपल्यानंतरही सामान नात्याची भाषा म्हणून टिकून राहते. आईने दिलेला लाडवांचा डबा पोषणासाठी नसतो; तो नाकारणे म्हणूनच अवघड जाते.

७. अध्यापकाच्या प्रवासासाठी काही निष्कर्ष

परिषदा, चर्चासत्रे व अभ्यासवृत्ती यांनिमित्ताने महाविद्यालयीन अध्यापकांचा परदेशप्रवास आता नित्याचा झाला आहे. उपरोक्त इतिहासातून त्यांच्या उपयोगाचे काही मुद्दे निघतात.

पहिला मुद्दा वर्गवारीचा. बोटीवरील तीन चिठ्ठ्या आजही उत्तम मार्गदर्शक आहेत. पारपत्र, औषधे, चष्मा, शोधनिबंधाची प्रत, संगणक आणि एक दिवसाचे कपडे हे 'केबिन'चे सामान होय. १८८८ सालचा रविवार कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. सुटी लिथियम बॅटरी व पॉवर बँक आगीच्या धोक्यामुळे हातातील सामानातच न्यावी लागते. राहिलेल्या वस्तूंपैकी ज्यांवर 'प्रवासात नको' अशी चिठ्ठी लागेल, त्या मुक्कामी तरी हव्यात का, हे विचारावे. अनेकदा उत्तर नकारार्थी येते.

दुसरा मुद्दा रिकाम्या बॅगेच्या वजनाचा. टणक कवचाची मोठी बॅग साडेचार किलोच्या आसपास भरते. म्हणजे २३ किलोपैकी सुमारे एक पंचमांश भाग सामान भरण्यापूर्वीच संपतो. भारतातील बहुतेक विमानांत सामान्य वर्गासाठी हातातील बॅग ७ किलोपर्यंत चालते. तेथे बॅगच तीन किलोची असल्यास उरतात चार. खरेदी करताना रंग आणि कुलूप यांआधी वजन विचारावे. चाकांच्या बाबतीतही स्थळाचा विचार हवा. चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर सुखाने चालते. युरोपातील जुन्या शहरांच्या दगडी रस्त्यांवर आणि जिन्यांवर दोन मोठ्या चाकांची किंवा पाठीवरची पिशवी अधिक उपयोगी पडते.

तिसरा मुद्दा ग्रंथांचा. अध्यापकाची बॅग जाताना हलकी व येताना जड असते. आज हस्तलिखिताची प्रतिमा व टिपणे संगणकीय स्वरूपात एकाहून अधिक ठिकाणी जतन करता येतात. पाणबुडीने बुडविता येणार नाही असे ग्रंथालय बाळगण्याची ही सोय १९१७ साली नव्हती. ती उपलब्ध असताना न वापरणे हा निष्काळजीपणा ठरेल.

समारोप

सामान कमी नेण्याचा उपदेश वरकरणी व्यक्तीच्या शिस्तीचा वाटतो. इतिहास मात्र सांगतो की, हलके सामान हे बव्हंशी भोवतालच्या व्यवस्थेचे फळ असते. मुक्कामी निवारा मिळेल, अन्न मिळेल, पैसा चालेल आणि आपल्या वेशाला व देहाला कोणी अडविणार नाही, अशी खात्री ज्याला असते तोच निश्चिंतपणे थोडके सामान घेऊन निघू शकतो. हणमंतरावांना चुलीसाठी जागा हवी होती, आनंदीबाईंना ऊब हवी होती, आंबेडकरांना स्वदेशात पेटी टेकविण्यापुरती खोली हवी होती. यांपैकी कोणतीही गोष्ट पेटीत भरून नेता येत नव्हती.

म्हणून पहिल्यांदाच परदेशी निघालेला एखादा विद्यार्थी गरजेपेक्षा मोठी बॅग घेऊन समोर आला, तर त्याला हसण्यापूर्वी तो कशाला भितो आहे हे विचारावे. त्या भीतीचे उत्तर आपल्याजवळ असेल, तर ते द्यावे : तेथील एखाद्या परिचिताचा पत्ता, राहण्याची माहिती, हवामानाचा अंदाज. त्याची बॅग तेवढ्या प्रमाणात आपोआप हलकी होईल.